उबेसाठी एक जादा

मार्लिस गेल्याचा फोन अकरा एप्रिलला सकाळी सहाला दहा कमी असताना आला. हॉस्पिटलमधली नर्स बोलत होती. तिने सांगितलं, मी "हो" म्हणालो. मग ती म्हणाली, सावकाश या, गाडी जपून चालवा, आता घाई नाही.

सव्वासहाला फोन पुन्हा वाजला. मला वाटलं, नर्सची काहीतरी चूक झाली असेल आणि ती दुरुस्त करायला तिने फोन केला असेल. पण फोन पोस्टातून होता.

"ऑर्विन, तुझं खोकं आलंय," पोस्टातला रॉय म्हणाला. "पाच वाजल्यापासून ओरडतंय. येऊन घेऊन जा बाबा, मला इथे माझं बोलणं ऐकू येत नाही."

मी आधी पोस्टात गेलो. एका ठिकाणी घाई नव्हती आणि दुसऱ्या ठिकाणी होती. एकतीस वर्षं मी काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. आधी कुठल्या रस्त्याला लागायचं, हे त्या कामात असंच ठरवतात.

खोकं शेजारच्या सीटवर ठेवलं, मार्लिसच्या सीटवर, आणि त्याला पट्टा लावला. हॉस्पिटलच्या आवारात गाडी चालूच ठेवली, हीटर पूर्ण वर करून. तासाभराने बाहेर आलो तेव्हा एक बाई काचेला नाक लावून आत कोण रडतंय ते बघत होती. "पिल्लं आहेत," मी म्हणालो. "आई गं," ती म्हणाली, "किती गोड." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि काचेपासून बाजूला झाली.

मार्लिस आमच्या टॅमरॅक गावच्या कौन्सिलची चोवीस वर्षं क्लार्क होती. गावात कोंबड्या पाळायला परवानगी देणारा नियम तिनेच लिहिला, तीन वर्षं लावून धरला आणि मंजूर झाल्यावरच निवृत्त झाली. नियम असा: एका घराला सहा कोंबड्या, कोंबडा एकही नाही. आमचा शेजारी ड्वेन प्रोकॉप कौन्सिलवर आहे. त्याने अट घातली की, पक्षी कोंबडी आहे की कोंबडा यावर वाद झाला तर निकाल कौन्सिल देईल. मार्लिसने तेही लिहून घेतलं. निकाल कसा देणार, हे कोणी विचारलं नाही. मार्लिसने विचारलं नाही, कारण तिला मंजुरी हवी होती. बाकीच्यांनी विचारलं नाही, कारण जेवायची वेळ झाली होती.

फेब्रुवारीत तिने हॅचरीच्या कॅटलॉगमधून पोस्टाने सहा पिल्लं मागवली. सहा नावं एका कागदावर लिहून फ्रिजला लावली. व्हर्ना, डेलोरिस, आयोन, बर्निस, जॉइस, लाव्हॉन. चर्चच्या स्वयंपाकघराची जी कमिटी आहे, तिच्यातल्या या सहा बायका. कॉफी किती कडक करायची यावरून मार्लिसचं त्यांच्याशी वीस वर्षं भांडण होतं. भांडण म्हणजे आमच्याकडचं. आवाज कोणी चढवायचं नाही. फक्त एकीने केलेली कॉफी दुसरी काही न बोलता ओतून द्यायची आणि नवी करायची.

घरी येऊन खोकं उघडलं तर आत सात पिल्लं. चिठ्ठीवर सहाच लिहिली होती. खाली शिक्का होता: उबेसाठी एक जादा. मोफत.

दिवा आणि खाद्य आणायला गेलो तेव्हा दुकानातल्या कर्टला विचारलं.

"एप्रिलची थंडी," तो म्हणाला. "सहा पिल्लं वाटेत गारठतात. म्हणून एक जास्त घालतात, दाटीवाटीने बसली की ऊब राहते. आणि घालतात तो नर. तो कोण विकत घेणार? काचेच्या सामानात कागदाचे बोळे कोंबतात ना, तसा."

"मग त्या सातांत नर कोणता?"

"सिल्की जात आहे तुझी. लोकरीचे गोळे. तुरा दिसत नाही, शेपूट कळत नाही. पाच-सहा महिने तर त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं." मग त्याने दिव्याची तार गुंडाळली, परत सोडली, परत गुंडाळली. "मार्लिसचं ऐकलं," तो म्हणाला. "बाई चांगली होती."

"हो."

"दिवा फार खाली लावू नकोस."

त्याच दिवशी मी ठरवलं की नावं आत्ता ठेवायची नाहीत. नियमाने सातांतलं एक जाणारच होतं. पण जायचं ते जादा आलेलं जावं. मार्लिसने नाव लिहून मागवलेल्या सहांतलं एकही चुकून जाऊ नये. बाकी सगळं माझ्या हातून गेलं होतं. एवढं एक मला नीट करायचं होतं.

सातांच्या पायांत सात रंगांच्या कड्या घातल्या आणि वाट बघत बसलो.

लोक यायला लागले. आमच्याकडे माणूस गेलं की लोक हॉटडिश घेऊन येतात. खाली खिमा, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, म्हणजे दुःख ओसरलं की भांडं परत करता येतं. अठरा भांडी आली. आलेला माणूस भांडं ठेवायचा, हात खिशात घालायचा, मार्लिसच्या खुर्चीकडे बघायचा आणि लगेच दुसरीकडे बघायचा. मग त्याला कोपऱ्यातला दिवा आणि पिल्लांचा टब दिसायचा.

"यातला नर कोणता?" तो विचारायचा, आणि त्याचा जीव भांड्यात पडायचा. माझाही.

टॅमरॅकमध्ये हजारेक माणसं आहेत आणि पिल्लू नर की मादी हे ओळखता येत नाही असा त्यांत एकही नाही. व्हर्नाने एकेकाला मानगुटीला धरून उचललं. पाय लोंबले तर नर, पोटाशी घेतले तर मादी. तिच्या हिशेबाने चार नर निघाले. डेलोरिसने माझी टोपी मागितली आणि टबावरून भिरकावली. खाली बसली ती मादी, मान ताठ करून बघत राहिला तो नर. पहिल्या वेळी सगळी खाली बसली. दुसऱ्या वेळी सगळी ताठ. तिसऱ्या वेळी एक जण टोपीत जाऊन बसलं. "हा एक प्रकार नवीन आहे," डेलोरिस म्हणाली. गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर कोणीतरी सातांचे फोटो टाकून मतदान घेतलं. दोनशे चौदा मतं पडली. निळ्या कडीचं पिल्लू नर ठरलं. ज्याला सगळ्यात जास्त मतं पडली त्याला कशासाठी निवडून दिलंय हे शेवटपर्यंत कळत नाही, हे आमच्या गावाला नवीन नाही.

मग प्रत्येकीची नजर फ्रिजकडे जायची.

"व्हर्ना," व्हर्नाने वाचलं. "ही मी?"

"तू."

"कोणती?"

"अजून ठरलं नाही."

"शांत असेल ती बघ," ती म्हणाली, आणि जाताना कॉफी करून गेली. पातळ होती.

आर्डिस ही मार्लिसची धाकटी बहीण. गावाबाहेर अकरा मैलांवर तिची एकशेसाठ एकर शेती आहे आणि तिथे गावाचा नियम चालत नाही. दफन झाल्यावर चौथ्या दिवशी ती आली. भांडं आणलं नव्हतं. जवळचं माणूस भांडं आणत नाही, येऊन दुसऱ्यांची भांडी घासतं.

"नर कळला की मला दे," ती सिंकपाशी उभी राहून म्हणाली. "नूडल्स घालून सूप करते."

"एवढंसं पिल्लू आहे, आर्डिस."

"आत्ता कोण म्हणतंय? मोठा झाल्यावर. मी काय राक्षसीण आहे?" मग ती फ्रिजपाशी गेली. यादी वरून खाली वाचली. "लाव्हॉन आहे. मी नाही."

"ती कमिटीची यादी आहे. तू कमिटीत कुठे आहेस?"

"बासष्ट वर्षं बहीण होते. त्याची कमिटी नव्हती वाटतं." तिने हात पुसले. "अंगठी आण."

"कुठली?"

"तिची. आई अंगठी दोऱ्याला बांधून पिल्लावर धरायची. गोल फिरली तर मादी, सरळ हलली तर नर. आईचं कधी चुकलं नाही."

हॉस्पिटलने अंगठी पाकिटात घालून दिली होती. पाकीट मी उघडलं नव्हतं. आर्डिसने ते उघडलं, शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला आणि अंगठी बांधली. मी एकेक पिल्लू हातात धरायचो, ती वर अंगठी धरायची. पहिल्यावर गोल फिरली. दुसऱ्यावर गोल. सातही जणांवर गोल. कशी नाही फिरणार? आर्डिसचा हात कोपरापासून थरथरत होता.

"सातही माद्या," ती म्हणाली.

"आईचं कधी चुकलं नाही," मी म्हणालो.

तिने अंगठीचा दोरा सोडवला नाही. अंगठी खिडकीच्या खिळ्याला अडकवली आणि उरलेली भांडी घासायला घेतली.

ऑगस्टच्या शेवटी ड्वेन प्रोकॉप आला. दारात उभा राहून आधी पाऊस कमी झाल्याचं बोलला, मग मक्याचं, मग त्याच्या गुडघ्याचं. आमच्याकडे तक्रार करायला आलेला माणूस पहिली वीस मिनिटं कशाचीच तक्रार करत नाही.

"सकाळी काहीतरी ऐकू येतं," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"वाईट नाही. तसं काही नाही. पण येतं. पाचला."

मला काही ऐकू येत नव्हतं. ट्रकच्या इंजिनाने माझे कान केव्हाच घेतले. जवळचं किंवा तोंड बघून बोलणं कळतं, तेवढंच. कानातली यंत्रं आहेत, पण अकरा एप्रिलपासून ती मी ड्रॉवरमध्ये ठेवली होती. ती घातली की घर ऐकू यायचं. फ्रिजची घरघर, घड्याळ, आणि मध्ये काहीच नाही.

"आरवण्यासारखं?" मी विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही," ड्वेन म्हणाला. "तूच म्हणालास. बरं तर." त्याने मांडीवर थाप मारली, म्हणजे आता निघतो. मग आणखी अर्धा तास दारात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची लेखी तक्रार कौन्सिलच्या दारातल्या पेटीत पडली. खाली लिहिलं होतं: शेजाऱ्याविषयी मनात काही नाही.

सप्टेंबरच्या बैठकीत सुनावणी लागली. मी सातही पक्षी कुत्र्याच्या पिंजऱ्यात घालून नेले. गाव जमलं होतं. कॉफी होती, भोपळ्याच्या वड्या होत्या. पाच सदस्य, मधोमध मेयर लोवेल हॉगन, बाजूला नवी क्लार्क केलिन. केलिनला काम मार्लिसने शिकवलं होतं. ती कागद टेबलावर आपटून सरळ करते तेव्हा मला दुसरीकडे बघावं लागतं.

लोवेलने नियम वाचला. सहा कोंबड्या, कोंबडा नाही, वाद झाल्यास निकाल कौन्सिलचा. "म्हणजे आपण ठरवायचं," तो म्हणाला आणि पिंजऱ्यात बघितलं. सात पांढरे लोकरीचे गोळे त्याच्याकडे बघत होते. डोळे केसांत झाकलेले, म्हणजे बघत असावेत. "कोणाला काही दिसतंय?"

कर्टला जाणकार म्हणून बोलावलं होतं. त्याने पिवळी कडी उचलून फिरवली. "हा नर असू शकतो," तो म्हणाला. "नाहीतर आडदांड मादी." मग लाल उचलली. "ही मादी. किंवा लाजाळू नर."

"ऑनलाइन निळा निवडून आलाय," एका सदस्याने सांगितलं.

"हात वर करून एकेकाचं ठरवू या का?" लोवेलने विचारलं.

कोणी हात वर केला नाही. त्यांची अडचण मला कळत होती. एकाला नर ठरवलं की त्याला घालवावं लागणार. तो मार्लिसने मागवलेल्यांपैकी निघाला तर? पाच महिन्यांपूर्वी बायको गेलेल्या माणसासमोर, त्या बायकोने लिहिलेल्या नियमाने, तिचाच पक्षी उचलायचा, आणि पुन्हा रविवारी चर्चमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसायचं. टॅमरॅकमध्ये माणूस नियम मोडेल, पण अवघडल्यासारखं वाटू देणार नाही.

"आर्डिसकडे शेत आहे," ड्वेन हळूच म्हणाला. "सातवा तिकडे गेला तर सगळंच सुटतं."

सगळ्यांनी आर्डिसकडे पाहिलं. तिने एप्रिलपासून गावभर सूपची गोष्ट केली होती. ती उठून उभी राहिली.

"माझ्याकडे जागा नाही," ती म्हणाली.

"एकशेसाठ एकर आहेत, आर्डिस."

"सगळा मका आहे. मध्ये जागा नाही." आणि खाली बसली.

लोवेलने स्वतःच्या कपात कॉफी ओतली. मग केलिन म्हणाली, "एक कागद जोडलेला आहे." तिने हॅचरीची चिठ्ठी वर धरली. "ऑर्डर सहा पक्ष्यांची आहे. सातवा उबेसाठी, मोफत. म्हणजे तो विकलेला नाही. माल गारठू नये म्हणून घातलाय. कागदपत्रांप्रमाणे तो पॅकिंग आहे."

"पॅकिंग," लोवेल म्हणाला.

"पॅकिंग किती ठेवावं यावर आपला नियम नाही."

"आणि नर असेल तर?"

"पॅकिंगला नर-मादी नसते," केलिन म्हणाली. मार्लिसनेही अगदी याच सुरात सांगितलं असतं.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं म्हणतात. आमच्या कौन्सिलने कोंबडं झाकलं नाही. त्याची खोक्याच्या सामानात नोंद केली. ठराव पाच विरुद्ध शून्य मंजूर झाला: ऑर्विन टोलेफसन यांच्याकडे सहा कोंबड्या व एक पॅकिंग आहे.

तेवढ्यात आर्डिसने मला कोपर मारलं. मी ऐकलं नव्हतं, पण सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. पिंजऱ्यातून कोणीतरी आरवलं होतं. दणदणीत, म्हणे. कोणी ते बघितलं नाही, कारण त्या क्षणी सगळं गाव भोपळ्याच्या वड्यांकडे बघत होतं.

"हे इतिवृत्तात घेऊ का?" केलिनने विचारलं.

"काय घेणार?" लोवेल म्हणाला. "पॅकिंगचा आवाज होतच असतो. ड्वेन, तुझं काही म्हणणं?"

"मी कॉफी घेत होतो," ड्वेन म्हणाला. "मला काही ऐकू आलं नाही."

निघताना केलिनने मला एक फॉर्म दिला. तीस दिवसांत भरून द्यायचा. वर नाव, पत्ता. खाली एकच रकाना: सात नगांपैकी पॅकिंग कोणते, कडीचा रंग लिहावा.

"सगळे शेवटी चांगले वागले," गाडीत आर्डिस म्हणाली. "मार्लिसला फार हसू आलं असतं."

"तू सूप करणार होतीस."

"गाडी चालव," ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी ड्रॉवरमधून कानातली यंत्रं काढली. फॉर्म भरायचा तर आरवणारा बघायला हवा होता. पहाटे पाचला कॉफी घेऊन खुराड्यासमोर खुर्ची टाकून बसलो. आधी फक्त माझा श्वास ऐकू आला, मग लांबून हायवेवरचा ट्रक. मग निळी कडी दोन पावलं पुढे आली, मान वर केली आणि आरवली. म्हणजे मतदान बरोबर होतं. मी खिशातून फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि "नि" लिहिलं. तेवढ्यात मागून कोणीतरी उत्तर दिलं. हिरवी कडी होती. एप्रिलमध्ये डेलोरिसच्या वेळी टोपीत जाऊन बसलेली.

मी "नि" खोडला.

घरात येऊन मार्लिसचा कॅटलॉग शोधला. सिल्कीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत टीप होती: या जातीची पिल्लं नर-मादी वेगळी करून पाठवली जात नाहीत. म्हणजे तिच्या सहांत तलंगा किती आणि नर किती, हे पहिल्यापासून कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या मनात आलं, चोवीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या टिपा वाचणाऱ्या बाईच्या नजरेतून हीच कशी सुटली. मग दिसलं की सुटली नव्हती. टिपेखाली पेन्सिलीने रेघ होती आणि समासात तिच्या अक्षरात लिहिलं होतं: बघू.

तर तिला माहीत होतं. हे माहीत असूनच तिने कमिटीतल्या सहा बायकांची नावं फ्रिजला लावली होती. मी खुर्चीत बसून हसलो. कानात यंत्रं होती, त्यामुळे हसणं ऐकू आलं, आणि मग थांबलो.

आता हिरवी जादा आलेली आणि निळी तिची, की निळी जादा आणि हिरवी तिची, हे सांगता येत नाही. कदाचित दोघंही तिचे असतील आणि जादा आलेली एखादी गरीब तलंगच असेल, हॅचरीने न बघताच घातलेली. फॉर्मवर रकाना एकच आहे. ड्वेन हल्ली सकाळी कुंपणापाशी भेटतो तेव्हा म्हणतो, "पॅकिंग बरंय ना?" मी म्हणतो, "वाईट नाही."

तीस दिवस संपून तीन आठवडे झाले. केलिन दोनदा येऊन विचारून गेली, दुसऱ्यांदा केक घेऊन. अठरांपैकी सतरा भांडी मी परत केली, एकाच्या बुडाची चिकटपट्टी निघून गेली आहे. अंगठी खिडकीतच आहे. फॉर्मच्या रकान्यात खोडलेल्या "नि"शिवाय काही नाही आणि सातांतल्या एकालाही अजून नाव ठेवायचं आहे.